पाऊल पावणेसदतीस लाख वर्षांपूर्वीचं!

जोहान्सबर्गपासून गाडीने तासाभरावर जमिनीखाली एक गुहा आहे. तिथे ना चित्रं, ना मूर्ती. पण आपल्या सगळ्यांच्या खानदानाची सगळ्यात जुनी कागदपत्रं तिथेच सापडली. फक्त ती कागदाची नाहीत, हाडांची आणि दगडांची आहेत. स्टर्कफोन्टेनच्या या अंधारात मारलेला हा फेरफटका...

ऑनसाइटला जोहान्सबर्ग मिळालं, की ऑफिसातली आधी जाऊन आलेली मंडळी तुमच्या हातात एक यादी ठेवतात. सॅण्डटनचे मॉल, सोवेटो, क्रूगरचे सिंह, लॉन्ग वीकेण्ड मिळाला तर केप टाउन. या यादीत गुहेचं नाव सहसा नसतं. आणि त्यात नवल काय? गुहा म्हटलं की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवतं, झालंच तर कार्ला-भाजे. कोरीव खांब, रंगवलेल्या भिंती, खाली भजीवाला. नुसत्या रिकाम्या भोकात उतरायला शनिवार कोण घालवणार? माझ्या आईनेही फोनवर हेच विचारलं. "अगं, एवढ्या लांब गेलीयेस, तर सिंह तरी बघ!"

सिंह बघितले, तेही छानच होते. पण तीन महिन्यांच्या मुक्कामातलं घरी आल्यावरही डोक्यात राहिलेलं काय, असं विचाराल तर ती गुहा. म्हणून हा लेखप्रपंच!

पाळण्याचा पत्ता

जोहान्सबर्गच्या वायव्येला साधारण पन्नास किलोमीटरवर गवताळ टेकड्यांचा एक पट्टा आहे. नाव आहे 'क्रेडल ऑफ ह्यूमनकाइंड', म्हणजे मानवजातीचा पाळणा. युनेस्कोने १९९९ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. स्टर्कफोन्टेन, स्वार्टक्रान्स, क्रोमड्राय अशा बऱ्याच गुहा इथे जवळजवळ आहेत. वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. पिवळं गवत, मधूनच झाडांचे झुबके, बस्स. झाडांचा झुबका दिसला की समजायचं, खाली कुठेतरी गुहेचं तोंड असणार. ओलावा तिथेच असतो ना!

सगळी गंमत इथल्या खडकात आहे. हा डोलोमाइट, चुनखडीचाच भाऊबंद. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी तो तयार झाला. पाणी त्याला हळूहळू विरघळवतं आणि आत पोकळ्या होतात. मग कधीतरी छत कोसळतं आणि वर जमिनीला भोक पडतं. त्या भोकातून माती, दगड, पाला आणि पाय घसरलेले प्राणी आत पडतात. चुन्याचं पाणी झिरपत राहतं आणि या सगळ्याचं मिळून काँक्रीट होतं. शास्त्रज्ञ त्याला 'ब्रेशिया' म्हणतात. थोडक्यात काय, तर निसर्गाने लाखो वर्षं चालवलेलं सेफ डिपॉझिट लॉकर!

टूर सुरू होण्याआधी डोक्यावर हेल्मेट येतं. मग पायऱ्या उतरत उतरत आपण खाली जातो. कुठे उंचच उंच दालन, तर कुठे कंबरेत वाकून जायची चिंचोळी वाट. खाली एक भूमिगत तळंही आहे. आणि एका ठिकाणी गाइड सगळ्यांना दिवे बंद करायला सांगतो. तो अंधार कसा सांगू? लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या पिढीला वाटतं, आपल्याला अंधार माहीत आहे. तो अंधार वेगळा. इथे डोळ्यासमोर धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही. हा अंधार लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

चुन्यापायी सापडलेले पूर्वज

या गुहा शास्त्रज्ञांनी शोधल्या नाहीत. शोधल्या चुनेवाल्यांनी. १८८६ मध्ये जोहान्सबर्गला सोनं सापडलं. सोनं काढायच्या प्रक्रियेला चुना लागतो, इमारतींनाही लागतो. मग १८९० च्या दशकात इथे सुरुंग लागले. लाखो वर्षांत तयार झालेले झुंबरांसारखे खडक फोडून भट्टीत गेले. त्यांच्यासोबत किती हाडं गेली, त्याची मोजदाद कोण ठेवणार?

पण चुन्याच्या खाणी नसत्या, तर ही हाडं दिसलीही नसती. ही कहाणी अशी दुधारी आहे.

खरा धमाका आधी झाला तो दूरच्या टाउंग गावात. १९२४ मध्ये तिथल्या चुन्याच्या खाणीतून दगडांची खोकी आली, ती जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरॅण्ड विद्यापीठातले प्राध्यापक रेमण्ड डार्ट यांच्या घरी. त्याच दिवशी त्यांच्याच घरी मित्राचं लग्न होतं आणि डार्टसाहेब होते नवरदेवाचे 'बेस्ट मॅन'. कपडे करता करता त्यांनी खोकी उघडली आणि मेंदूच्या आकाराचा एक दगड हाती लागला. लग्न कसंबसं पार पडलं! पुढचे काही आठवडे डार्ट बायकोच्या विणायच्या सुया वापरून खडक टोकरत बसले. आतून बाहेर आला तो एका लहान मुलाचा चेहरा. माकडासारखा, पण दात मात्र माणसाकडे झुकणारे. आणि मेंदूतून पाठीच्या कण्याकडे जाणारं भोक कवटीच्या बुडाशी, म्हणजे हा जीव दोन पायांवर चालणारा!

फेब्रुवारी १९२५ मध्ये डार्टनी हे 'नेचर'मध्ये छापलं आणि नाव दिलं 'ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस'. लंडनच्या बड्या मंडळींनी नाकं मुरडली. कारण त्यांच्याकडे होता 'पिल्टडाउन मॅन', १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये 'सापडलेला' मोठ्या मेंदूचा पूर्वज. माणसाचा मेंदू आधी मोठा झाला, आणि तोही युरोपात, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पुढे १९५३ मध्ये पिल्टडाउन ही चक्क बनवाबनवी निघाली. माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा, वरून रंग! तोवर डार्ट बिचारे जवळपास तीस वर्षं वाट बघत होते. अप्रेझल उशिरा होतं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

सुटाबुटातला उत्खननकार

डार्टच्या बाजूने ठामपणे उभे राहिलेले गृहस्थ म्हणजे डॉक्टर रॉबर्ट ब्रूम. मूळचे स्कॉटलंडचे, पेशाने डॉक्टर, छंद फॉसिल्सचा. खाणीच्या धुळीतही काळा सूट आणि ताठ कॉलर घालून उभे राहणारे. ऑगस्ट १९३६ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर ते स्टर्कफोन्टेनला पोचले. तिथल्या खाणीच्या व्यवस्थापकाने काही दिवसांतच त्यांच्या हातात सुरुंगाने उडालेला एक दगड ठेवला. तो होता मेंदूचा नैसर्गिक साचा. प्रौढ ऑस्ट्रेलोपिथेकस पहिल्यांदाच जगासमोर आला.

मग १८ एप्रिल १९४७ हा दिवस उजाडला. ब्रूम आणि त्यांचे सहकारी जॉन रॉबिन्सन यांनी सुरुंग लावला (हो, तेव्हा संशोधकही सुरुंगच लावत!) आणि धूर खाली बसल्यावर दिसली दोन तुकड्यांत फुटलेली एक कवटी. जवळजवळ पूर्ण. ब्रूमनी त्या जातीला 'प्लेसिॲन्थ्रोपस' म्हटलं होतं, म्हणून कवटीचं लाडाचं नाव पडलं 'मिसेस प्लेस'. मिसेस की मिस्टर, हा वाद पुढे बराच रंगला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिच्या मेंदूचं आकारमान सुमारे ४८५ घन सेंटिमीटर. आपलं साधारण १३५०. म्हणजे डार्टच बरोबर होते. आपण आधी दोन पायांवर उभे राहिलो, अक्कल नंतर वाढली!

२००४ मध्ये तिथल्या टीव्हीवर 'थोर दक्षिण आफ्रिकन' निवडायची स्पर्धा झाली, तेव्हा लोकांनी मिसेस प्लेसलाही पहिल्या शंभरात बसवलं. पण मला चटका लावून गेली ती तारीख. १९४७ मध्ये ही कवटी सापडली. सगळ्या माणसांचं मूळ एकच, हे सांगणारी. आणि पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, त्याच देशात वर्णभेदाचं सरकार निवडून आलं. मग कित्येक वर्षं तिथल्या शाळांमध्ये उत्क्रांती शिकवणंच टाळलं गेलं. ज्या मातीतून पुरावा निघाला, त्याच मातीतल्या मुलांना तो सांगितला नाही.

डब्यातलं पाऊल

आता खरी गोष्ट. माझ्यासारख्या टेस्टिंगवाल्या लोकांच्या तर ही विशेष जवळची.

सप्टेंबर १९९४. विट्स विद्यापीठातले (विटवॉटर्सरॅण्ड म्हणताना बोबडी वळते, म्हणून सगळे 'विट्स'च म्हणतात) संशोधक रॉन क्लार्क जुने डबे चाळत होते. त्यावर 'प्राण्यांची हाडं' असा शिक्का. कुणीतरी एकदा वर्गवारी करून ठेवलेला, क्लोज झालेला विषय. क्लार्क यांच्या हाती आली डाव्या पावलाची चार छोटी हाडं, एकमेकांत चपखल बसणारी. माकडाची नव्हेत! ज्येष्ठ संशोधक फिलिप टोबायस यांनी नाव ठेवलं 'लिटल फूट', चिमुकलं पाऊल.

१९९७ मध्ये आणखी डबे उघडले, आणखी हाडं मिळाली. त्यांत उजव्या नडगीच्या खालच्या टोकाचा एक तुकडा होता. क्लार्कनी तो निरखून पाहिला. तुटलेली बाजू जुनी वाटत नव्हती. म्हणजे हाड सुरुंगाने तुटलं असणार. म्हणजेच उरलेली नडगी अजून भिंतीत असणार. आणि नडगी असेल, तर कदाचित पूर्ण माणूसही!

आता भिंत कुठली? सिल्बरबर्ग ग्रोटो नावाचं ते दालन प्रचंड. खडबडीत भिंती, छत, जमीन, सगळीकडे काँक्रीटसारखा ब्रेशिया. त्यात शोधायचा काय, तर हाडाचा एक छोटासा आडवा छेद. क्लार्कनी त्या तुकड्याचा साचा दिला दोन सहकाऱ्यांच्या हाती. स्टीफन मोत्सुमी आणि न्क्वाने मोलेफे. हातातल्या दिव्यांच्या उजेडात भिंत इंच इंच बघायची आणि साचा जुळतो का ते पाहायचं. बस्स, एवढंच काम. गवताच्या गंजीतली सुई परवडली, निदान गंजी उजेडात तरी असते!

त्यांना किती दिवस लागले असतील? महिना? वर्ष? दुसऱ्याच दिवशी, ३ जुलै १९९७ ला, त्यांना जुळणारा छेद सापडला. डबा एकीकडे, भिंत दुसरीकडे, मध्ये कित्येक दशकांपूर्वीचा सुरुंग, आणि दोन्ही टोकं जुळली!

दिवे बंद केलेल्या त्या दालनात उभी असताना माझ्या डोळ्यांसमोर हे दोघंच होते. आज 'लिटल फूट कुणी शोधली' असं विचारलं, तर बहुतेक ठिकाणी एकच नाव पुढे येतं, क्लार्क यांचं. यात क्लार्क यांचा दोष नाही बरं का. त्यांनी दोघांचं श्रेय नावानिशी छापलं. पण बातमी छोटी होत गेली की आधी गळतात ती अशीच नावं. आणि आपल्या ऑफिसांत वेगळं काय होतं? रिलीजच्या मेलमध्ये कुणाची नावं असतात आणि रात्री दोनला तो बग पकडणाऱ्या पोराचं नाव कुठे असतं? परत आल्यावर आमच्या रिलीजच्या मेलमध्ये मी अकराच्या अकरा जणांची नावं घातली. वरून शेरा आला, मेल जरा लांबलाय. असू दे!

वीस वर्षांची डेडलाइन

सांगाडा सापडला १९९७ मध्ये. तो जगासमोर मांडला गेला डिसेंबर २०१७ मध्ये. मधली वीस वर्षं काय चाललं होतं? काम! हाड खडकापेक्षा नाजूक, आणि खडक काँक्रीटसारखा. सुरुंग तर सोडाच, मोठी छिन्नीही चालणार नाही. मग हवेच्या दाबावर चालणारी बारीक टोकणी घेऊन कण कण उडवायचा. त्याच अंधारात, त्याच ओलीत. नंतर मोठे ठोकळे बाहेर काढून प्रयोगशाळेत साफ करायचे. मग हजारो तुकडे जुळवायचे. आपल्याकडे दोन आठवड्यांचा स्प्रिंट लांबला की एस्कलेशन होतं!

पण फळ बघा. हा सांगाडा नव्वद टक्क्यांहून अधिक पूर्ण आहे. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली जगप्रसिद्ध 'लूसी' चाळीस टक्क्यांच्या आसपास. लिटल फूट ही प्रौढ स्त्री होती, उंची सव्वाचार फुटांच्या आसपास. तिचे पाय हातांपेक्षा लांब, म्हणजे जमिनीवर ती ताठ चालत असणार. पण झाडावर चढणंही तिने सोडलं नव्हतं. एक दिवस ती गुहेच्या वरच्या भोकातून खाली पडली असावी, असं क्लार्क यांचं म्हणणं. वर यायला तिला पावणेसदतीस लाख वर्षं लागली.

वय विचारू नये, पण...

हा आकडा आला कुठून? हाडावर जन्मतारीख तर लिहिलेली नसते. इथे थोडं विज्ञान, पण सोप्पं. समजा, तुमच्याकडे दोन मोबाइल आहेत. एकाची बॅटरी पटकन उतरते, दुसऱ्याची हळू. दोन्ही फुल चार्ज करून तुम्ही प्लग काढला. काही तासांनी दोघांची उरलेली बॅटरी बघितली, तर प्लग कधी काढला ते सांगता येईल ना?

तेच इथे. जमिनीवर पडलेल्या गारेच्या दगडावर अंतराळातून येणाऱ्या किरणांचा मारा होतो आणि त्यात ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० ही किरणोत्सारी मूलद्रव्यं तयार होत राहतात. हे झालं चार्जिंग. दगड गुहेत खोल पडला की चार्जिंग बंद. मग ॲल्युमिनियम दर सात लाख वर्षांनी निम्मं होतं, बेरिलियमला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. दोघांचं प्रमाण मोजा, दगड आत कधी पडला ते कळलं! २०१५ मध्ये या पद्धतीने लिटल फूटच्या थराचं वय निघालं ३६ लाख ७० हजार वर्षं, दीड-पावणेदोन लाख वर्षं इकडेतिकडे.

सगळ्यांना हे पटलंय असं समजू नका. त्याआधी २००६ मध्ये सांगाड्याभोवतीच्या चुन्याच्या थरांवरून वय निघालं होतं फक्त २२ लाख. क्लार्क यांच्या गटाचं उत्तर असं, की चुन्याचे हे थर नंतर फटींमध्ये साचले, त्यामुळे ते सांगाड्याहून तरुण. २०२२ मध्ये मिसेस प्लेसच्या थरालाही ३४ ते ३७ लाखांचं वय मिळालं आणि वाद पुन्हा पेटला. जुनी तारीख खरी ठरली, तर ही दक्षिणेची मंडळी लूसीच्या लेकी-नाती नाहीत, लूसीच्याही आधीच्या ठरतात. घराण्याची वंशावळच नव्याने मांडावी लागेल. लिटल फूट नेमकी कुठल्या जातीची, यावरही मतं वेगवेगळी आहेत. भाऊबंदकी काय आपल्याकडेच असते?

जगातलं पहिलं टूलकिट

हाडांइतकंच मला खिळवून ठेवलं ते दगडांनी. स्टर्कफोन्टेनच्या वरच्या, नंतरच्या थरांत हजारो दगडी अवजारं मिळाली आहेत. सगळ्यात जुनी सुमारे २१ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची, त्याच चार्जिंगवाल्या पद्धतीने मोजलेली. या प्रकाराला 'ओल्डोवान' म्हणतात. दिसायला एकदम मामुली. एक गोटा घ्यायचा, दुसऱ्या दगडाने त्याच्या कडेवर टोला मारायचा. पातळ कपची निघते, ब्लेडसारखी धारदार. मांस कापा, कातडं सोला, काठी तासा. जगातलं पहिलं मल्टिपर्पज गॅजेट!

मामुली वाटतं, पण करून बघा. टोला योग्य कोनात बसला नाही तर दगडाचा नुसता भुगा होतो. शिवाय दगड निवडावा लागतो. इथली बहुतेक अवजारं गारेची आहेत, आणि असा दगड जवळच्या नदीच्या गोट्यांत मिळे. म्हणजे कुणीतरी नदीवर गेलं, दगड पारखला, उचलून आणला, आणि पुढची गरज ओळखून फोडला. याला आपण काय म्हणतो? प्लॅनिंग! त्यानंतरच्या थरांत दोन्ही बाजूंनी घडवलेल्या हातकुऱ्हाडी येतात. लिटल फूटच्या थरात मात्र अवजारं नाहीत. दोन पायांवर उभं राहिल्यानंतर हातात टूलकिट यायला लाखो वर्षं जावी लागली.

शिकारी की शिकार?

स्टर्कफोन्टेनच्या समोरच्याच टेकडीवर स्वार्टक्रान्स आहे. तिथली एक लहानशी कवटी 'एसके ५४' या नंबराने ओळखली जाते. तिच्या मागच्या बाजूला दोन भोकं आहेत. डार्ट यांचं म्हणणं होतं, की आपले पूर्वज खुनशी शिकारी होते, एकमेकांनाही मारणारे. मग आले बॉब ब्रेन. १९६५ पासून वीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी स्वार्टक्रान्स खणलं. त्यांनी त्याच गुहेत सापडलेल्या प्राचीन बिबट्याचा जबडा घेतला आणि खालचे सुळे त्या भोकांवर ठेवून पाहिले. बरोब्बर बसले! बिबट्याने ते पोर डोक्याला धरून ओढत नेलं होतं. गुहेच्या तोंडावरच्या झाडावर बसून तो खात असणार, आणि हाडं खाली गुहेत पडत असणार. टाउंगच्या त्या मुलालाही गरुडाने उचललं असावं, असं पुढे १९९५ मध्ये मांडलं गेलं.

म्हणजे आपण सुरुवातीला शिकारी नव्हतो. आपण कुणाचं तरी जेवण होतो!

मग पारडं फिरलं कधी? त्याच स्वार्टक्रान्सच्या वरच्या थरात ब्रेन यांना २७० जळकी हाडं मिळाली. वय दहा लाख वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. कुणीतरी आगीच्या जवळ जायला शिकलं होतं, असं त्यांनी १९८८ मध्ये मांडलं. आग नुसती थंडीसाठी नाही, रात्री बिबट्याला लांब ठेवण्यासाठी. जुन्नरच्या उसाच्या फडाजवळ राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तिथे संध्याकाळी पोरांना आत बोलावण्यामागे लाखो वर्षांचा अनुभव आहे.

आपल्याकडे का नाही?

हा प्रश्न मला विमानात पडला. सह्याद्रीत एवढ्या गुहा, मग अशी हाडं का नाहीत? उत्तर पुन्हा खडकात. आपला काळा पाषाण लाव्हाचा, बसाल्ट. त्यात चुनखडीसारख्या नैसर्गिक गुहा होत नाहीत. अजिंठा-वेरूळ माणसाने कोरलेलं. आणि हाडं सांभाळून ठेवणारं चुन्याचं लॉकर इथे नाही. भारतात प्राचीन मानवाची कवटी मिळाली ती मध्य प्रदेशात, नर्मदेकाठी हथनोऱ्याला. १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना.

पण अवजारं? ती आपल्याकडे भरपूर आहेत! अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठचं नेवासं फक्त ज्ञानेश्वरीसाठी प्रसिद्ध नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात तिथे काम केलं, आणि पुढच्या दशकात गुडरुन कॉर्विनस या जर्मन संशोधिकेने शेजारच्या चिरकीला उत्खनन करून हातकुऱ्हाडी काढल्या. पुणे जिल्ह्यात मोरगावला अष्टविनायकासाठी जाताना आणि जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीवरून जाताना आपल्याला कल्पनाही नसते, की इथेही कुणीतरी दगड पारखून फोडले होते. बोरीला अवजारांसोबत ज्वालामुखीची राख मिळाली. ती लाखो वर्षांपूर्वीची, की ७५ हजार वर्षांपूर्वी सुमात्राच्या तोबा ज्वालामुखीतून उडालेली, यावर संशोधकांत जोरदार वाद झाला. वयाचा वाद इथेही आहेच!

आणि काळजीही तीच. स्टर्कफोन्टेनला चुन्याच्या भट्ट्यांनी किती हाडं खाल्ली ते कळणार नाही. आपल्या नद्यांच्या काठी वाळूचे डंपर, जेसीबी आणि विटभट्ट्या आहेत. नदीच्या गोट्यात हातकुऱ्हाड असू शकते, हे माहीत असलेला एकजण तिथे उभा असेल, तर ती वाचेल. मोत्सुमी आणि मोलेफे यांना काय शोधायचं ते माहीत होतं, म्हणून दोन दिवसांत सापडलं. तेव्हा पुढच्या ट्रेकला नदी ओलांडताना एकदा खाली बघा. काही वेगळं दिसलंच, तर उचलून शोकेसमध्ये ठेवू नका. जागेवरच फोटो काढा, ठिकाण टिपून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवरून हललेला दगड निम्मी गोष्ट विसरतो.

जायचंय?

• स्टर्कफोन्टेनच्या गुहा २०२२ च्या अखेरीस पुरामुळे बंद झाल्या होत्या. त्या एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा उघडल्या. निघण्याआधी वेळा आणि बुकिंग नक्की तपासा.

• गाइडशिवाय आत जाता येत नाही. चांगल्या ग्रिपचे बूट घाला. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगा.

• मिसेस प्लेसची खरी कवटी प्रिटोरियाच्या निसर्ग इतिहास संग्रहालयाकडे आहे, लिटल फूट विट्स विद्यापीठाच्या ताब्यात.

• जवळच २००५ मध्ये उघडलेलं मारोपेंग हे प्रदर्शन केंद्र आहे. पोरंटोरं बरोबर असतील तर तिथेही वेळ ठेवा. सेत्स्वाना भाषेतल्या या नावाचा अर्थ साधारण 'मूळ ठिकाणी परतणं'.

• बाहेर ब्रूमसाहेबांचा ब्रॉन्झचा पुतळा भेटेल, हातात मिसेस प्लेस घेतलेला. त्याला हात लावला की नशीब उघडतं म्हणतात. हात लावून लावून तो चकाकतोय!

• व्हिसा-विमान जमत नसेल, तर पुण्यात डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. आधी फोन करून जा. रिक्षाने होणारा हा प्रवासही लाखो वर्षं मागे नेतो.